विलाप इतक्या चढ्या लयीत? – पिशाँची 'सेंट मॅथ्यू पॅशन' कोणी ऐकली आहे का?

मुळ्येंची_मधली

मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

गेल्या आठवड्यात जर्मन रचनाकार बाखची 'सेंट मॅथ्यू पॅशन' पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत ऐकायची असं ठरवलं. निवडलं ते संवाहक राफाएल पिशाँ आणि त्याच्या 'पिग्मालियों' या वाद्य-गायकवृंदाचं ध्वनिमुद्रण. पॅरिसमध्ये २०२१ साली झालं, २०२२ मध्ये हार्मोनिया मुंदी कंपनीने बाजारात आणलं. पावणेतीनशेहून जास्त वर्षं वाजत आलेल्या कामाच्या हिशेबात म्हणजे काल परवाचंच.

जेवणं आटोपल्यावर लावलं. आई समोर मटार सोलत बसली होती. तिने चाळीस वर्षं गाणं शिकवलंय. पाश्चात्त्य संगीताशी तिचं वैर नाही, पण जाणंयेणंही नाही. सुरुवातीचं समूहगान सुरू झालं. मिनिटभर गप्प बसली, मग म्हणाली, "काय आहे हे?" म्हटलं, येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा आहे, आणि ही सुरुवात म्हणजे 'मुलींनो या, माझ्याबरोबर विलाप करा'. तर म्हणे, "विलाप? अगं, हा दादरा आहे. तोही चांगला चढ्या लयीतला." आणि मटार घेऊन आत गेली.

तेव्हापासून डोक्यात किडा. म्हणून जुन्या पिढीतला संवाहक ओटो क्लेम्पररचं १९६१चं मुद्रण शोधून ऐकलं. तिथे हाच भाग जवळजवळ बारा मिनिटं चालतो! पिशाँ त्याच्या पुढे अक्षरशः धावतो. सगळी पॅशन मिळून दोघांत तासाभराचा फरक आहे.

तर प्रश्न असा, की इतक्या लयीत दुःख दुःख राहतं का? की आईचं बरोबर आहे?

---

आठ_अडतीस

आईंना साष्टांग दंडवत. धागा इथेच संपला.

---

खर्जातला

संपला कसा, आत्ता कुठे सुरू झालाय.

मी क्लेम्परर पंथातला, हे आधीच कबूल करतो. रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान चालू होतं तेव्हा काळा घोड्याला जाऊन घेतलेली त्या तबकड्यांची जाडजूड पेटी अजून कपाटात आहे. तीन पगारांतून पैसे बाजूला काढले होते. घरी आणल्यावर सौ. फक्त एवढंच म्हणाली, "सगळीकडे एकच गाणं आहे का?"

मधल्या ताई, तो पहिला भाग पुन्हा ऐका, पण फक्त खालचा बास धरून. एकाच स्वरावर ठोके देत राहतो, किती तरी वेळ हलत नाही. तंबोऱ्याचा खर्ज म्हणा. त्याच्यावर दोन गायकवृंद, डावीकडे एक, उजवीकडे एक. एक म्हणतो 'पाहा!', दुसरा विचारतो 'कोणाला?' 'नवरदेवाला.' 'पाहा त्याला!' 'कसा?' 'कोकरासारखा.' हे चालू असताना वरून मुलांचे आवाज येतात आणि तिसरंच स्तोत्र गायला लागतात, निष्पाप कोकराचं. खाली उदास मिनोर, वर उजळ मेजोर. क्लेम्पररकडे हे डोंगर सरकल्यासारखं येतं. तुम्हाला प्रत्येक थर मोजता येतो.

पिशाँकडे सगळं पळतं. सुंदर पळतं, मान्य. पण प्रेताला खांदा देऊन कोणी पळत नाही.

---

म्युनिकवाली

खर्जातले काका, प्रेत अजून झालंच नाहीये हो! माणूस जिवंत आहे, त्याला क्रूस देऊन शहराबाहेर नेतायत. रस्त्यात गर्दी आहे, ढकलाढकली आहे, कोणी विचारतंय 'कोण आहे तो, कुठे आहे'. ते समूहगान १२/८ मध्ये आहे, म्हणजे ती चाल आहे, पावलं आहेत. काकूंचा कान शंभर टक्के बरोबर, तिनाचंच वजन आहे. बाख शोकासाठी हे वजन बऱ्याचदा वापरतो. येशूचा शिष्य पेत्र तिसऱ्यांदा त्याला नाकारतो, कोंबडा आरवतो, आणि मग जी आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गीत, येते ('एरबार्मे दिश', दया कर), तीही १२/८ मध्येच आहे. ती ऐकून रडला नाही असा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आणि क्लेम्परर म्हणजे बाख नव्हे. १७२७ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या थॉमासकिर्खे या चर्चमध्ये हे पहिल्यांदा गायलं गेलं असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा बाखच्या हाताशी किती गायक होते यावर वाद आहेत, पण क्लेम्पररच्या फिलहार्मोनियासारखा प्रचंड गायकवृंद नक्कीच नव्हता. तो भव्यपणा नंतरचा. मेंडेल्सझोन या रचनाकाराने वयाच्या विसाव्या वर्षी, ११ मार्च १८२९ ला, बर्लिनमध्ये ही पॅशन पुन्हा उभी केली तीच झिंगआकाडेमी या संस्थेचा भलामोठा गायकवृंद घेऊन, बऱ्याच आरिया कापून. आपल्या आजोबांच्या पिढीच्या कानात जो 'भव्य बाख' बसलाय, त्याचं मूळ तिथे आहे.

---

बिनसाखरेचा

अडाणी प्रश्न. ही पॅशन म्हणजे ऑरेटोरिओच ना? की वेगळं काही?

---

म्युनिकवाली

ऑरेटोरिओच्याच घरातली. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही, गाण्यातून सांगितलेली धार्मिक कथा. त्यातली जी फक्त येशूच्या यातना आणि मृत्यू सांगते ती पॅशन. इथे बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचे २६ आणि २७ हे दोन अध्याय शब्दशः आहेत. आरियांचा मजकूर पिकान्डर नावाच्या कवीचा, आणि मधेमधे चर्चमध्ये सगळ्यांना पाठ असलेली स्तोत्रं.

---

आठ_अडतीस

माझा अनुभव. वरचं वाचून उत्साहाने लोकलमध्ये हेडफोन लावला. शफल चालू होतं. ठाण्याला येशू क्रुसावर, मुलुंडला शेवटचं भोजन, घाटकोपरला यहूदाला पश्चात्ताप, दादरला परत सगळे मिळून त्याला पकडायला निघाले. मी म्हटलं, जर्मन लोक फार आधुनिक दिसतात.

---

अनुस्वार

😂 आठ_अडतीस, तुमच्यावर वेगळा धागा काढायला हवा.

मला मात्र पहिल्यांदा ऐकताना अजिबात परकं वाटलं नाही, आणि त्याचं कारण माझी आजी. लहानपणी तिच्यासोबत रामाच्या देवळात नारदीय कीर्तनाला जायचो. बुवा उभे राहून आख्यान सांगतायत, सीतेला रथातून वनात नेलं इथपर्यंत आलेत. बोलता बोलता थांबतात, पेटीवाल्याकडे बघतात, आणि एक पद. कथा जागच्या जागी थांबलेली. ऐकणाऱ्याच्या मनात जे चाललंय ते पदात. मग साकी, दिंडी, पुन्हा कथा. आणि मधेच असा गजर, की सगळं देऊळ म्हणतं.

इथे कथा सांगणारा गायक, इव्हँजेलिस्ट, म्हणजे ते बुवा. ताल नाही, मागे ऑर्गन आणि चेलोचा नुसता आधार, शब्द पुढे. आरिया म्हणजे पद. कोराल, म्हणजे ती सगळ्यांना पाठ असलेली स्तोत्रं, म्हणजे गजर. एकच चाल, ते 'रक्ताने माखलेलं मस्तक' वालं स्तोत्र, पाच वेळा येतं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी खालचे सूर बदललेले. येशूच्या मृत्यूनंतर लगेच येतं तेव्हा तर अशा वाटेने जातं, की आपण ओळखीच्या गल्लीत चुकावं.

---

धोंडोपंत

झालं. आता पुढचा प्रतिसाद 'विमानं आपल्याकडे आधीच होती'. अहो, प्रत्येक गोष्ट कीर्तनात कोंबायलाच हवी का? कीर्तनकार आयत्या वेळी रचतो, समोरचे श्रोते बघून लांबवतो. इथे एकेक स्वर लिहिलेला. बाखने १७३६ च्या हस्तलिखितात शुभवर्तमानाचे शब्द तर वेगळ्या लाल शाईने लिहिलेत. एवढा नेमका माणूस.

---

अनुस्वार

पंत, 'आपल्याकडे होतं' असं मी म्हटलेलंच नाही. मला दार कुठून सापडलं ते सांगितलं. आणि तुम्हीच आता लाल शाईची आठवण काढलीत! पोथीत देवाचं नाव तांबड्या शाईने लिहायचे की नाही?

आणखी एक. या पॅशनचे दोन भाग आहेत आणि लाइपझिगला मधे प्रवचन व्हायचं. आपल्याकडे पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात कथा. फरक आहेच, पण गाणं आणि उपदेश शेजारी शेजारी बसलेत.

---

धोंडोपंत

पोथीचा मुद्दा घेतला. विमान मागे घेतो.

---

वसईकर

लयीवरून चाललेल्या भांडणात माझे दोन पैसे. मी वसईचा, घरची सगळी उपासना मराठीतून. आमच्याकडे ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पूर्ण दुःखसहनाचं वाचन होतं, तीन वर्षांतून एकदा मत्तयची पाळी येते. तिघं वाचतात. एक निवेदक, येशूचे शब्द फादर, तिसरा पेत्र-पिलात वगैरे. आणि जमाव म्हणजे आम्ही, बाकावरची सगळी माणसं.

लहानपणी मला या जमावाच्या वाक्याची वाट बघायला मजा यायची, कारण ओरडायला मिळायचं. 'त्याला क्रुसावर द्या!' पुढे मोठा झालो आणि एका वर्षी ते वाक्य तोंडातून जाताना शेजारी आई उभी होती. हातात झावळीचा विणलेला क्रूस, डोळे मिटलेले, आणि तीही तेच म्हणत होती. तेव्हा पोटात कसंसं झालं. दोन मिनिटांपूर्वी होसान्ना म्हणणारे आम्हीच, आणि आता हे.

पिशाँची लय मला इथे पटली. रोमन सुभेदार पिलात विचारतो, येशू आणि बरब्बा नावाचा कैदी, दोघांतला कोण सोडू? आणि जमाव एकच शब्द फेकतो: 'बरब्बाला!' एक भसाडा, मुद्दाम बेसूर वाटेल असा कल्लोळ, आणि संपलं. जमावाला विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून तर तो जमाव. संथ वाजवलं, की ती माणसं शहाणी वाटायला लागतात.

---

मुळ्येंची_मधली

वसईकर 🙏 हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण भाजी परतायची थांबली.

---

दोन_माडांमधला

वसईकरांच्या मागोमाग गोव्याहून. अवांतर आहे, पण अगदीच नाही.

येशूची कथा आपल्या भाषेत गाऊन सांगायची रीत बाखच्या आधीची आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट धर्मगुरू १५७९ ला गोव्यात आला, मराठी आणि कोकणी शिकला, आणि त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापून झालं. रोमी लिपीत, ओव्या अकरा हजारांच्या आसपास. बाख जन्माला यायला तेव्हा एकोणसत्तर वर्षं होती. लोक ते उपवासकाळात गात असत. म्हणजे अनुस्वार यांना सापडलेलं दार खरंच दार आहे, पंत. चारशे वर्षांपूर्वी त्यातून कोणीतरी उलट्या बाजूने आत आलेलं होतं.

आमच्याकडे उपवासकाळातले मोतेत, म्हणजे धार्मिक गीतं, अजून गातात. व्हायोलिनं, दोनतीन आवाज, आणि दुःख इतकं गोड की लहानपणी मला ती लग्नाची गाणी वाटायची. काकूंना 'दादरा' वाटला यात मला काहीच नवल नाही.

---

गजकरी

इतके प्रतिसाद झाले आणि वाद्यांवर एकही नाही? मी हौशी व्हायोलिनवाला, तेही बसून वाजवणारा, त्यामुळे स्वतःच घुसतो.

पिशाँकडची वाद्यं बाखच्या काळाच्या धर्तीची आहेत. तारा आतड्याच्या. गज वेगळा, वजन टोकाकडे कमी, त्यामुळे प्रत्येक स्वर उच्चारून सुटतो, आजच्या गजासारखा सलग लांबत नाही. लय चढी ठेवता येते त्यामागे हेही कारण आहे. स्टीलच्या तारांवर आणि मोठ्या वृंदात त्याच लयीत वाजवलं, तर सगळा चिखल होईल. शिवाय पट्टी ४१५ हर्ट्झची, म्हणजे आपल्या आजच्या पेटीपेक्षा जवळपास अर्धा स्वर खाली. गळ्यांवरचा ताण उतरतो.

आणि ओबोए दा काच्चा हे फुंकून वाजवायचं वाद्य! बाकदार, कातड्याने मढवलेला, पुढे पितळी कर्णा. बाखनंतर हे वाद्य वापरातूनच गेलं. जुने नमुने स्टॉकहोम आणि कोपनहेगनच्या संग्रहालयांत होते, त्यावरून विसाव्या शतकात पुन्हा बनवले. 'आउस लीबे' ही सोप्रानोची, म्हणजे उंच स्त्रीआवाजाची, आरिया ऐका, पिशाँकडे साबिन देव्येलने गायलीय. एक बासरी, खाली दोन ओबोए दा काच्चा, बस. बास नाहीच. पिलातने आत्ताच विचारलंय, याने वाईट काय केलंय, आणि उत्तर म्हणून हे गाणं येतं, ज्याच्या पायाखाली जमीनच नाही. ते संपतं न संपतं तोच जमाव पुन्हा ओरडतो.

खर्जातले काका, ही आरिया पिशाँ पळवत नाही. घड्याळ लावून बघा.

---

खर्जातला

घड्याळ नाही लावलं, पण काल रात्री पुन्हा ऐकलं. गजकरी बरोबर आहेत, तिथे तो थांबतो, आणि असा थांबतो की मी दिवा लावायला उठलो होतो तो उभाच राहिलो.

अजून एक कबुली. इव्हँजेलिस्ट युलियान प्रेगार्डिएन. त्याचा बाप क्रिस्टोफ प्रेगार्डिएन संवाहक हार्नोनकोर्टच्या २००० सालच्या मुद्रणात हेच काम करतो. म्हणजे घराणं झालं! बापाची तालीम पोरात कशी दिसते ते ऐकायला दोन्ही लावून बसलो. बाप कथा सांगतो, मुलगा तिथे हजर असल्यासारखा वाटतो. पेत्र बाहेर जाऊन 'अतिशय दुःखाने रडला', त्या 'रडला' वर बाखने जी लांब तान दिलीय, ती पोराने जवळजवळ पुटपुटत घेतलीय. मैफलीत कोणी अशी घेतली असती तर 'आवाज बसलाय' म्हणाले असते लोक.

तरी सुरुवातीचं समूहगान मला क्लेम्परर-शैलीतच हवं. म्हातारपणी सवयी बदलत नाहीत.

---

आठ_अडतीस

काका, तुम्ही सुरुवात क्लेम्पररची लावा आणि बाकीचं पिशाँचं. मी तसंही शफलवरच ऐकतो.

---

बिनसाखरेचा

मी काल पहिला तास ऐकला, जर्मन-इंग्रजी मजकूर समोर ठेवून. एक विचारायचं होतं. भोजनाच्या वेळी 'तुमच्यातला एक जण मला धरून देईल' म्हटल्यावर शिष्य एकदम 'प्रभू, मी का?' विचारतात. ते मोजता येतं का? मला दहाच्या पुढे गोंधळ झाला.

---

म्युनिकवाली

येतं! अकरा वेळा. बारा शिष्यांतला एक विचारत नाही, तो नंतर एकटा विचारतो. आणि लगेच जे स्तोत्र येतं त्याची पहिली ओळ म्हणजे 'मीच तो'. वसईकरांच्या बाकावरच्या गोष्टीसारखंच.

एक बाजू राहिली तीही बोलते, कारण इथे राहून ती टाळता येत नाही. जमावाचं 'त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो' हे वाक्य बाखने भयंकर ताकदीने बांधलंय, आणि याच ओळीच्या आधाराने युरोपात शतकानुशतकं ज्यूंवर दोष लादला गेला, त्यांची कत्तल झाली. मी चर्चमध्ये ही पॅशन ऐकते तेव्हा ते दोन मिनिटं माझ्या अंगावर येतात. लोक म्हणतात बाखच्या स्तोत्रांत दोष 'माझा'च आहे, त्यांचा नाही, आणि ते खरंही आहे. पण त्या एका समूहगानाने जे कानात राहतं ते राहतंच.

---

वसईकर

म्युनिकवाली ताई, आमचे एक फादर त्या वाचनानंतर प्रवचनात हेच सांगायचे. जमाव म्हणजे दुसरे कोणी नव्हे. म्हणून तर ते वाक्य आमच्या तोंडी देतात.

---

धोंडोपंत

धागाकर्त्या ताई कुठे गेल्या? प्रश्न विचारून पसार. लयीचं काय ठरलं?

---

मुळ्येंची_मधली

पसार नाही, ऐकत होते. शनिवारी रात्री पूर्ण ऐकलं, फोन बंद, मजकूर समोर, मधे चहाला वीस मिनिटं. (प्रवचनाच्या जागी चहा, अनुस्वार.)

माझं काही ठरलं नाही. पण ऐकताना एक कळलं. येशू बोलतो तेव्हा प्रत्येक वेळी व्हायोलिनं त्याच्या शब्दांभोवती मऊ लांब सूर धरतात. स्तेफान देगूचा आवाज आणि भोवती ते वलय, इतकं सवयीचं होतं की लक्ष जाईनासं होतं. आणि मग क्रुसावर 'एली, एली, लमा सबख्थनी' (माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस), आणि व्हायोलिनं नाहीत. नुसता आवाज, खाली ऑर्गन. मी खरंच स्पीकरची वायर तपासली. पहिल्या भागाची घाई नसती तर ही पोकळी इतकी लागली असती का, माहीत नाही. खर्जातले काका सांगतील की क्लेम्पररकडेही लागते.

आई पहिल्या भागाला नव्हती. लुसिल रिशार्दोची 'दया कर' चालू असताना दाराशी येऊन उभी राहिली. मग बसली. शेवटच्या समूहगानापर्यंत बसून होती, ते तर अंगाईच आहे म्हणाली, थडग्यापाशी बसून गायलेली. संपलं तेव्हा मी खूण केली की झालं. तर म्हणे, "शेवटचा नी ऐकलास?"

मी म्हटलं, कुठला?

"षड्जावर यायच्या आधी. सगळे सा वर पोचलेत आणि वर कोणीतरी शुद्ध नी धरून बसलंय. घासतोय. मग सोडतो. परत लाव बघू."

परत लावलं. ती तीन वेळा ऐकली. चौथ्यांदा स्वतःच तंबोरा काढून बसली आणि कोमल गंधार लावून तो नी शोधत होती, रात्री साडेबाराला. शेजारी उठू नयेत म्हणून मी खिडक्या लावल्या.